ऑनलाइन सरावात आरतीची लय पडते आणि मग माणसं चिडतात. उपाय काय?

घुमट_पेडणे

चतुर्थीच्या घुमट आरत्यांचा सराव ऑनलाइन करायचा आहे (घुमट म्हणजे गोव्याचं मातीचं, कातड्याने मढवलेलं तालवाद्य). मंडळी अशी विखुरलेली: दोन घुमट (एक पेडण्यात, एक फोंड्यात), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) साखळीत, कासाळे (झांजा) म्हापशात, गाणारे चार. त्यातला एक पुण्यात, एक आखातात. झूमवर जमत नाही म्हणून जॅम्युलस (नेटवरून एकत्र वाजवायचं सॉफ्टवेअर) घातलं. सर्व्हर पेडण्यातल्याच घरी ठेवायचा प्रयत्न झाला, पण बाहेरून कोणालाच जोडता येईना. आता यादीतला एखादा सार्वजनिक सर्व्हर घेतो.

अडचणी तीन. आरती सुरू होते एका लयीत आणि दुसऱ्या कडव्याला रेंगाळायला लागते. शेवटी लय चढवायची वेळ येते तेव्हा तर सगळं विस्कटतं. दुसरं, मध्येच कोणीतरी अनोळखी गिटारवाला सर्व्हरवर येतो आणि वाजवायला लागतो. तिसरं म्हणजे माणसं. पहिला पाऊण तास 'ऐकू येतंय का' यातच जातो, मग 'तुझं नेट खराब', 'तुझाच हात मागे पडतो' सुरू होतं. दोघांनी येणं सोडलंय.

सगळ्यांकडे लॅपटॉप आहे. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) तिघांकडे, बाकीचे लॅपटॉपच्या माइकवर.

केबल_घाला

आधी सर्व्हरचं सांगतो, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे.

घरचा सर्व्हर बाहेरून दिसत नाही याचं कारण बहुधा सीजी-नॅट. बरेच नेटवाले अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर राउटरमध्ये जॅम्युलसचा यूडीपी २२१२४ पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. नेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता) मागायचा, नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये तासाच्या भाड्याने छोटं मशीन घ्यायचं. एक कोर आणि १ जीबी रॅम दहाबारा जणांना पुरते. डिरेक्टरीत नोंदवू नका, म्हणजे यादीत दिसणार नाही आणि गिटारवाल्याचा प्रश्न मिटला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की पत्ता बहुतेक बदलतो, तेवढा दर वेळी ग्रुपवर टाका.

'मुंबई लांब पडेल' असं वाटेल, तर तसं नाही. फायबरमध्ये सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. शिवाय पेडणे आणि फोंडा इथे दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट असेल तर तुमचा आवाज बरेचदा मुंबईला जाऊनच परत गोव्यात येतो. तेव्हा सर्व्हर तिथेच असलेला बरा. अंतरापेक्षा तुम्हाला घरातलं वायफाय जास्त मारतं. सरासरी वेग छान दाखवतं, पण डेटाची पाकिटं एकसारखी येत नाहीत. काही वेळेवर, काही ४० मिलिसेकंद उशिरा. तो खड्डा भरायला जॅम्युलसला जिटर बफर (पाकिटं थोडी साठवून मग वाजवायची जागा) वाढवावा लागतो आणि उशीर तिथेच वाढतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल ओढा. हे ज्याला जमत नाही त्याने फक्त ऐकायला बसावं, इतकी ही अट कडक ठेवा.

बाकी थोडक्यात. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्यातच १०० ते २०० मिलिसेकंद जातात. स्पीकर नको, सगळ्यांचा आवाज घुमून परत येतो. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर, तो नसेल तर एएसआयओ फोर ऑल. नमुना दर सेकंदाला ४८,००० आणि बफर १२८ नमुन्यांचा, म्हणजे एका बाजूने साधारण २.७ मिलिसेकंद. फटफट आवाज आले तर २५६ करा. नेटचा वेग फारसा लागत नाही, १ एमबीपीएस अपलोड पुरे.

पायपेटी

वरचं सगळं केल्यावरही लय पडू शकते. कारण ते मशीनचं नाही, वाजवणाऱ्यांचं आहे.

हवेत आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) तुम्ही दोनतीन मीटरच्या आत बसता, म्हणजे उशीर सहा ते नऊ मिलिसेकंद. तो कळतही नाही. ऑनलाइन उशीर २५–३० च्या पुढे गेला की फोंड्याच्या घुमटाला पेडण्याचा घुमट किंचित मागे ऐकू येतो. तो त्याच्यासाठी थांबतो. तिकडचाही तेच करतो. दोघेही सुजाण साथीदार आहेत, एकमेकांचं ऐकतात, म्हणूनच लय पडते. कोणाचाच हात मागे नसतो.

शेवटी चढवताना विस्कटतं त्याचं गणित बघा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १८७ मिलिसेकंदांचा असतो. ४० चा उशीर त्यात खपून जातो. १६० ला तोच चौथा भाग ९४ वर येतो, मग ४० म्हणजे जवळजवळ अर्धा बोल. दोन घुमटांचे बोल एकमेकांच्या मध्ये पडतात आणि सगळा गलबला होतो.

उपाय एकच: लय एकाच घराची. घुमट, शामेळ, कासाळे हे तिघे शक्यतो एका खोलीत बसवा आणि एकाच कनेक्शनवरून पाठवा. साखळी–फोंडा काही लांब नाही. गाणारे कुठेही असोत. मुख्य घुमटवाल्याने जॅम्युलसमध्ये स्वतःच्या मिक्सरवर बाकी सगळ्यांचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) पार खाली ओढायचे, कडवं संपल्याचं कळेल एवढाच आवाज ठेवायचा. त्याने कोणासाठी थांबायचं नाही. हे साथीदाराच्या संस्काराविरुद्ध आहे, जड जातं, पण दुसरा इलाज नाही. दुसऱ्या घुमटाने घरी आपला माइक बंद ठेवून सोबत वाजवावं.

गाणाऱ्यांसाठी उलटा नियम. आपला आवाज सर्व्हरवरून परत येतो तो ऐकायचा, थेट नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण शून्यावर. थेट ऐकत गायलात तर तुम्हाला स्वतःला तालात वाटेल आणि बाकीच्यांकडे तुम्ही दर वेळी मागून पोचाल. सर्व्हरवरचा आपला आवाज घुमटाशी जुळवायचा म्हणजे कणभर आधी गायचं. सवयीने होतं. मांडीवरच्या घुमटाला मात्र हा नियम पाळता येत नाही, तो हेडफोनच्या बाहेरूनही ऐकू येतोच. लय त्याच्याकडे देण्याचं हेही एक कारण.

निंजा_लेहरा

ज्यांना शास्त्रीय रियाज किंवा मोकळं जॅमिंग करायचंय त्यांनी निंजॅम (नेटवरून एकत्र वाजवायची दुसरी पद्धत) बघावं. त्यासाठीचं जॅमटाबा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर निंजॅम आतच येतं. त्यात उशीर कमी करायचा प्रयत्नच नाही. उलट तो पूर्ण एक आवर्तन केला जातो. तुम्ही या आवर्तनात जे वाजवता ते दुसऱ्याला पुढच्या आवर्तनात, समेला सम जुळवून ऐकू येतं. तीनतालाला बीपीआय (एका आवर्तनातल्या मात्रा) १६ ठेवा, रूपकला ७ किंवा १४. अतिविलंबितासाठी मात्रा चौपट मोजून बीपीएम (मिनिटाच्या मात्रा) त्या हिशेबाने वर न्या. लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी धून) दर आवर्तनात तोच असल्याने तो मागच्या आवर्तनाचा आहे हे तबलेवाल्याला जाणवतही नाही. अगदी मोबाइलच्या नेटवर, पार अमेरिकेतल्या माणसाबरोबरही चालतं.

जिथे क्षणाला क्षण लागतो तिथे हे आपटतं. तिहाई तुमच्याकडे समेवर येते, समोरच्याची दाद एका आवर्तनानंतर. सवाल-जवाब तर विसराच. गायकामागे पेटी धरायची असेल तर पेटीवाला मागच्या आवर्तनाची साथ करतो आणि गायकाला ती दोन आवर्तनं मागची ऐकू येते. नाट्यगीताला म्हणूनच बाद. आरतीत दर कडव्याला शब्द बदलतात, तेव्हा पेडणेकरांच्या कामाचं नाही. भजनी ठेक्यावर एकच पालुपद घोळवत बसायचं असेल तर बीपीआय ३२ ठेवून मजा येते.

देवळात_या

एवढ्या केबली आणि फेडर ओढण्यापेक्षा रविवारी एकत्र बसा की. घुमट डोळ्यांनी वाजवायचं वाद्य आहे. समोरच्याची मान हलते तेव्हा कळतं की आता चढवायचं.

घुमट_पेडणे

भाई, बरोबर आहे, पण आखातातला माणूस रविवारी कसा येणार? चतुर्थीला चार दिवसांची सुट्टी काढून येतो आणि मंडळाबरोबर घरोघर फिरतो. चाली त्याला आधी बसलेल्या हव्यात.

पायपेटी, ताल एका घरात आणतोच. पण आखातातल्या मित्राचा जॅम्युलसमधला डिले दिवा (उशीर दाखवणारा) सतत लाल असतो. त्याचं काय करायचं? आणि माइकवरही कोणी सांगा, घुमट नुसता पत्र्याचा डबा वाजल्यासारखा येतो.

पायपेटी

त्याला सगळं तालात ऐकू येतं, फक्त उशिरा. त्याच्या हेडफोनमध्ये आरती शाबूत असते, त्यावर तो मनसोक्त गाऊ शकतो. प्रश्न येतो तो त्याचा आवाज बाकीच्यांना उशिरा पोचतो तेव्हा. म्हणून बाकीच्यांनी आपापल्या मिक्सरवर त्याचा फेडर बंद करायचा. हे त्याला आधी नीट समजावून सांगा. न सांगता केलंत आणि त्याला नंतर कळलं, तर तो कायमचा गेला म्हणून समजा. दर आरतीनंतर सगळे थांबून त्याला एक कडवं एकट्याने म्हणायला द्या, घुमटाशिवाय. चाल चुकत असेल तर तिथेच कळते.

माइक_आणि_माती

घुमटाच्या आवाजाला दोन तोंडं. कातड्याच्या बाजूने बोटांचा टणत्कार, मागच्या उघड्या तोंडातून घुमारा. डाव्या तळव्याने ते तोंड उघड-झाक करता तोच तर घुमटाचा जीव. माइक फक्त कातड्यासमोर धरला की डबाच ऐकू येणार. इंटरफेसला दोन इनपुट असतील तर एक डायनॅमिक माइक कातड्यापासून वीतभर, थोडा तिरका, दुसरा मागच्या तोंडाजवळ, तळव्याच्या वाऱ्याचा झोत थेट लागणार नाही असा. मग एका माइकचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा करून बघा, ज्यात खर्ज भरतो तो ठेवायचा. एकच माइक असेल तर कुशीला, दोन्ही तोंडांच्या मधोमध, दीड वीत अंतरावर. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावताना हळू वाजवून लावू नका, शेवटच्या चढत्या लयीत जसं वाजवता तसं वाजवून जोरातला जोर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

कासाळे माइकपासून निदान दीड मीटर दूर, नाहीतर गाणं बुडालं. लॅपटॉपच्या माइकवर गाणाऱ्यांनी विंडोजच्या साउंड सेटिंगमधली 'एन्हान्समेंट्स' बंद करावीत. पेटीचा किंवा तानपुऱ्याचा लांब सूर तिथे गोंगाट समजून कापला जातो. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू न केल्यास हेच होतं.

पेटी असेल तर सूर पेटीचा. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला तंतोतंत नसते आणि तिचे सूर ऐन वेळी हलवता येत नाहीत. तानपुऱ्याचं अ‍ॅप सेंट्समध्ये (सुराच्या बारीक मापात) वरखाली करून पेटीला जुळवा, आणि तानपुरा एकाच घरातून सोडा. दोन घरांतून दोन तानपुरे आले की दोघे गाणारे दोन वेगळ्या 'सा'वर जातात आणि पुन्हा भांडण.

साउंडचेक_साडेसात

माणसांचं सांगतो. आठला सराव असेल तर सर्व्हर साडेसातला उघडा आणि एकच माणूस तपासणीला बसवा. प्रत्येकाने आपल्या पाच मिनिटांत यायचं, आवाज द्यायचा, हेडफोन आणि केबल दाखवायची, जायचं. आठला ज्याचं जमलेलं नाही त्याने त्या दिवशी 'म्यूट मायसेल्फ' दाबून ऐकायचं. मोठ्या काकांनाही हाच नियम, फक्त त्यांच्या घरी शेजारचा एखादा मुलगा आधीच जाऊन जोडून देईल असं बघा. ज्येष्ठ माणूस दहा जणांसमोर बटणं शोधत राहिला की त्याला अपमान वाटतो आणि पुढच्या वेळी 'घसा बरा नाही' असा निरोप येतो.

'तुझं नेट' हा शब्दच बंद करा. जॅम्युलसमध्ये डिले आणि जिटर यांचे दिवे प्रत्येकाला आपापले दिसतात. गडबड झाली की प्रत्येकाने आपला रंग चॅटमध्ये लिहायचा, बास. जिटर लाल असेल तर केबल किंवा बफर, डिले लाल असेल तर अंतर. हात कोणाचा मागे यावर चर्चा करायची असेल तर दोघे एका खोलीत असताना करा. ऑनलाइन त्याचा निवाडाच होऊ शकत नाही, कारण दोघे दोन वेगळ्या आरत्या ऐकत असतात.

जे दोघे गेलेत त्यांना ग्रुपवर जाहीर निमंत्रण पाठवू नका. फोन करा आणि लय कशाने पडत होती तेवढं सांगा.

आणि वाजवताना बोलायचं नाही. कडवं सुटलं तरी ताल चालू ठेवायचा, गाणाऱ्याने पुढच्या कडव्याला परत चढायचं.

केबल_घाला

एक राहिलं. चतुर्थीच्या आधी पाऊस असतो आणि वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, इंटरफेस यूएसबीवर चालतो, मरतो तो राउटर. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन आउटपुटचा, नुसता राउटर जिवंत ठेवून फायदा नाही. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा, काही डबे १२ व्होल्ट १ अँपियरवर चालतात, काहींना २ लागतात. ताल ज्या घरात बसवाल तिथे हा आधी.

घुमट_पेडणे

मिनी यूपीएस फोंड्याला लावतो, ताल तिथेच बसवायचं ठरतंय. मुंबईचं मशीन शुक्रवारी घेतो. माइक_आणि_माती, फेज उलटा करायचं बटण आमच्या इंटरफेसवर नाही. दुसरा मार्ग?

माइक_आणि_माती

मागचा माइक दोनदोन बोटं पुढेमागे सरकवत जा, दुसऱ्याला हेडफोन लावून ऐकायला बसवा. एका जागी खर्ज एकदम उघडतो. तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.