जुन्या ऐतिहासिक उपनगरात घर घेताना काय बघावं?

प्रश्न: महानगरालगतच्या जुन्या शहरात, दगड-विटांच्या चुन्यातल्या बांधकामाचं घर बघतोय. राहायला कसं असतं? घेण्याआधी काय तपासू?

उत्तर १: आधी ओल. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पोपडे किंवा पांढरा लोणा (भिंतीवर येणारी क्षारांची पूड) दिसतो का बघा. बहुतेकदा कुणीतरी वरून सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचं तोंड बंद करतं. मग अडकलेलं पाणी वर चढतं आणि क्षार विटा पोखरतात. प्लास्टिक पेंटनेही तेच होतं. उपाय म्हणजे सिमेंट खरवडून १ भाग चुना, ३ भाग वाळूचा गिलावा, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्यामुळे थर काही दिवस ओलसर ठेवा. घाई केली की तडे. आणि बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर आली असेल, तर ती आधी काढा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात.

उत्तर २: वारसा क्षेत्र असेल तर खिडक्या, छप्पर, दर्शनी भाग यांत बदल करायला सहसा परवानगी लागते. आधीच्या मालकाने विनापरवाना बदललेली खिडकीही तुमच्याच गळ्यात पडू शकते. मंजूर नकाशा मागा, प्रत्यक्षाशी ताडून बघा.

उत्तर ३: वायरिंगला अर्थिंग आहे का? अरुंद गल्लीत सामानाचा टेम्पो वळतो का, हेही बघा. आणि प्रवासाचा वेळ दारापासून दारापर्यंत मोजा, तोही सोमवारी सकाळी. जाहिरातीतली ‘वीस मिनिटं’ फक्त गाडीतली असतात!