विषय: उभ्याचं एक तिकीट, बसायची जागा हवी (आयर्न मेडन, शनिवार)

प्रेषक: वेबसाइट समिती

मंडळी,
आयर्न मेडन या इंग्रज हेवी मेटल बँडच्या शनिवारच्या कार्यक्रमाचं उभ्याचं एक तिकीट आहे, बसायच्या जागेशी बदलून हवंय. गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टर सलग दीड तासाच्या वर उभं राहू नको म्हणतात, आणि दार उघडल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पाच तास सहज जातात. तिकीट ॲपमधूनच ट्रान्सफर होतं, तेव्हा आज रात्रीपर्यंत कळवा. फरक देईन.
त्यांची १९९२ची ‘फिअर ऑफ द डार्क’ ही कॅसेट आली तेव्हा मी दहावीत होतो. मार्च २००७मध्ये ते बंगळूरूला पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा मी इकडे परदेशात येऊन तीन आठवडे झाले होते. ही संधी घालवायची नाहीये.

---

प्रेषक: माई

तिकिटांचे व्यवहार या ईमेल यादीवर करायचे नाहीत, हे नाटकाच्या वेळच्या गोंधळानंतर बैठकीत ठरलंय. अदलाबदल चालेल, पैशांचं मात्र आपापसात बघा. बाकी गुडघ्याला जप. मी परवा तुला जिना उतरताना पाहिलं.

---

प्रेषक: खजिनदार

माझ्याकडे बसायची जागा आहे, डावीकडे वरच्या मजल्यावर. देईन. पण एक विचारू? निको मॅकब्रेन डिसेंबर २०२४मध्ये साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्त झाला. १९८२पासूनचा ड्रमर गेल्यावर तुला तोच बँड बघितल्याचं समाधान मिळेल का? मला प्रामाणिकपणे शंका आहे.
आणि सुरुवात कशाने करतात ते माहीत आहे ना? पहिलं गाणं

---

प्रेषक: वेबसाइट समिती

थांबा, थांबा! गाण्यांची यादी कुणीही इथे लिहू नका. २०२५च्या मे महिन्यात बुडापेस्टला दौरा सुरू झाला तेव्हापासून मी एकही व्हिडिओ उघडलेला नाही. पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी आहेत एवढंच कळलंय आणि तेवढं पुरे.
निकोबद्दल: वाईट वाटतं, खूप. जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, तरी तो त्याच वर्षी वाजवायला उभा राहिला. त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन हा बासवादक स्टीव्ह हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमधला, म्हणजे घरातलाच माणूस. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३मध्ये गेला आणि १९९९मध्ये परतला, गिटारवादक एड्रियन स्मिथही त्याच वर्षी परतला. मधल्या काळात कुणी आलं-गेलं म्हणून माझ्यासाठी तो बँड परका झाला नाही.
जागेबद्दल आभार, घेतो.

---

प्रेषक: आप्पा (ध्वनिव्यवस्था)

घेऊ नकोस. आधी नीट ऐक.
वरच्या मजल्यावर कडेला आवाज छतावर आणि भिंतीवर आपटून येतो, तिन्ही गिटार एकमेकांत मिसळून जातात. तू तीस वर्षं ज्या गिटारी हेडफोनवर वेगवेगळ्या ऐकल्यास त्या तिथे वेगळ्या ऐकू येणार नाहीत. मैदानाच्या मधोमध मिक्सरचा कठडा असतो. ध्वनिवाला तिथे बसून आवाज जुळवतो, म्हणजे जे त्याला ऐकू येतं तेच कठड्याला टेकलेल्या माणसाला ऐकू येतं. दार उघडलं की सगळे पुढच्या रांगेकडे पळतात, तू सरळ कठडा गाठ. पाठ टेकता येते, पायावरचा अर्धा भार जातो. आयर्न मेडनच्या आधी वाजवणाऱ्या बँडच्या वेळी खाली बस.
फार मागे मात्र जाऊ नकोस. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटरवर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरानं येतो. मागच्या लोकांसाठी मैदानात वेगळे स्पीकर उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, तो स्टेजच्या आवाजाशी जुळावा म्हणून.
आता कान. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! फोमचे बोळे घालू नकोस, ते तार स्वर खातात आणि गाणं उशीखालून आल्यासारखं वाटतं. फिल्टरचे इअरप्लग सगळे सूर सारखे कमी करतात. माझ्याकडे एक नवी जोडी आहे.

---

प्रेषक: खजिनदार

आप्पा, आपल्या हॉलमध्ये मधोमध मिक्सर ठेवू या असं मी दोन वर्षं म्हणतोय.

---

प्रेषक: आप्पा (ध्वनिव्यवस्था)

हॉलमध्ये मधोमध खुर्च्या असतात आणि केबल तेवढी लांब नाही. केबलचा अर्ज तुमच्याकडेच पडून आहे.

---

प्रेषक: माई

केबलचं बैठकीत बघू. मैदानात अपंगांसाठी आणि ऑपरेशन झालेल्यांसाठी वेगळा मंच असतो, आयोजकांना लिहून पाहिलंस का? माझ्या भाचीनं तिच्या आईला तसंच नेलं होतं, पण तिने महिनाभर आधी कळवलं होतं.

---

प्रेषक: वेबसाइट समिती

माई, लिहिलं होतं. त्या जागा भरल्या होत्या. आप्पांचं ऐकून तिकीट बदललं नाही.

शनिवारी कठडा मिळाला. दार उघडल्यावर दहा मिनिटांत पोचलो आणि शेवटपर्यंत हललो नाही. गुडघा सुजलाय, पण चालतोय.

हॅरिस स्टेजच्या कडेच्या स्पीकरवर पाय ठेवून बास गिटार प्रेक्षकांवर बंदुकीसारखा रोखतो, हे पोस्टरवर इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेलं, ते तसंच समोर. डिकिन्सनच्या जिभेमागे गाठ निघाली होती, २०१५च्या मे महिन्यात तो बरा झाला. आता साठी ओलांडून तो धावतो आणि धावतच उंच सूर लावतो. तिन्ही गिटारी वेगळ्या ऐकू आल्या, आप्पा. कोणती कुणाची ते मला डोळे मिटून सांगता येत होतं.

मग ‘फिअर ऑफ द डार्क’ हे गाणं आलं, ज्याची सुरुवातीची धून लोकच गातात. कॅसेटवर ती फक्त गिटार होती. माझ्या पुढे हजारो माणसं गात होती, मागचे किंचित उशिरा, त्यामुळे तो सूर लाटेसारखा अंगावरून गेला. मी गायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. शेजारच्या अनोळखी माणसानं खांद्यावर हात ठेवला आणि गात राहिला.

बँडनं मोबाइल खिशात ठेवा म्हणून विनंती केली होती, मी ठेवला. फोटो नाहीत, मागू नका.

आप्पा, इअरप्लग धुऊन ठेवलेत. रविवारच्या तालमीला आणतो. कानात अजिबात शिट्टी नाही.