स्टेडियम दुप्पट केलं आणि सीझन तिकिटं घटली, असं का?

लूमवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. फुटबॉल मॅनेजर हा क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतोय. २०२४ च्या आवृत्तीत इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला एक क्लब घेतलाय, आता सहावा सीझन चालू आहे. टॉवेलच्या कारखान्यात माझी सेकंड शिफ्ट असते. रात्री बाराला घरी येतो, जेवतो आणि तासभर खेळतो. एक सीझन संपायला दीड-दोन महिने जातात, त्यामुळे एकेक निर्णय लई जपून घेतो.

तिसऱ्या सीझनला आम्ही वरच्या श्रेणीत चढलो. तेव्हा स्टेडियम ८,४०० चं होतं, सीझन तिकिटं (घरच्या सगळ्या सामन्यांचं एकच आगाऊ तिकीट) ५,९०० जायची आणि घरचा जवळपास प्रत्येक सामना फुल्ल. बोर्डाच्या, म्हणजे गेममधल्या क्लबच्या संचालक मंडळाच्या, मागं लागलो. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा नवीन स्टेडियमला होकार मिळाला. १७,००० क्षमता. पहिल्या वर्षी ६,८०० सीझन तिकिटं गेली, मी खूश. दुसऱ्या वर्षी ५,६००. आणि या जुलैत बातमी आली, ४,७००! म्हणजे जुन्या छोट्या मैदानापेक्षाही कमी.

संघ गुणतक्त्यात मध्यावर आहे, खेळाडू बहुतेक तेच, तिकिटाचा दर बोर्डानं फारसा वाढवलेला नाही. सामन्याला नऊ-साडेनऊ हजार माणूस येतंय. मग तीच माणसं आगाऊ तिकीट का घेत नाहीत? इकडं स्टेडियमच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. माझं काय चुकलं ते जाणकारांनी सांगावं.

सातरस्ता_खानावळ

दादा, मी फुटबॉल मॅनेजर खेळत नाही, हॅटट्रिक हा तसलाच ऑनलाइन गेम खेळते, आठ वर्षं झाली. पण उत्तर देते ते आमच्या खानावळीतून, कारण तुमचं दुखणं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सात रस्त्याजवळ आईनं सुरू केलेली खानावळ आहे. खाली सहा टेबलं, चोवीस माणसं बसतात. महिन्याचं कार्ड म्हणजे एक पिवळा पुठ्ठा, त्यावर साठ चौकोन. ताट वाढलं की गल्ल्यावर बसलेली मी एका चौकोनावर फुली मारते. पैसे एक तारखेला आगाऊ. कार्डवाल्याला आधी बसवायचं हा आईचा नियम, बाकीचे जिन्याच्या पायरीवर थांबायचे. गुरुवारी शेंगदाण्याची आमटी आणि कडक भाकरी असते, त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जायची. तेव्हा कार्डं सत्तरच्या वर होती.

ती रांग बघून आम्ही वरचा मजला भाड्यानं घेतला. आणखी नऊ टेबलं टाकली. तीन महिन्यांत कार्डं ४६ वर आली. चव तीच, आचारी तोच, दर तोच. शेवटी एका जुन्या कार्डवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, आता कधीपण आलं तरी जागा मिळते. मग महिन्याचे पैसे अगोदर कशाला अडकवू? शनिवारी गावाकडं जातो, तेवढे चौकोन वायाच जातात की."

मला त्या दिवशी उमगलं. जेवण त्याला कार्डाशिवायही मिळतच होतं. कार्डाचे पैसे तो पायरीवर थांबावं लागू नये म्हणून मोजत होता. आम्ही पायरीच रिकामी केली, तर कार्ड कशाला घेईल? तुमचं ८,४०० चं मैदान भरायचं तेव्हा ५,९०० लोकांना धास्ती होती, की आज घेतलं नाही तर मोठ्या सामन्याला बाहेर राहू. १७,००० मध्ये साडेनऊ हजार माणूस बसलं तर निम्म्याहून थोड्याच कमी खुर्च्या मोकळ्या राहतात. सामन्याच्या दिवशी खिडकीवर आरामात तिकीट मिळतंय हे त्यांना कळलं.

पहिल्या वर्षीच्या ६,८०० वर जाऊ नका. वरचा मजला उघडला त्या महिन्यात आमच्याकडंही नवीन कार्डं निघाली होती. नवं बघायला माणूस येतोच.

आम्ही दर पाडला नाही. दर पाडला की पूर्ण पैसे भरणारे जुने लोक नाराज होतात. वरचा मजला रात्री बंद केला आणि दुपारी एक ते दोन खालची टेबलं फक्त कार्डवाल्यांना ठेवली. कार्डं परत साठच्या वर गेली. हॅटट्रिकमध्येही मी जागा थोड्या-थोड्याच वाढवते, कारण तिथं रिकाम्या खुर्चीचाही देखभाल खर्च दर आठवड्याला कापला जातो. पाऊस पडला की उघड्यावरची गर्दी आटते, म्हणून छताखालच्या जागा किती हव्यात तेही बघावं लागतं.

पार्क_चौक

ताईंशी शंभर टक्के सहमत. हे खऱ्या फुटबॉलमध्येही घडलंय.

युव्हेंटस घ्या. इटलीतला इतका मोठा क्लब, पण १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेल्या देल्ले आल्पी स्टेडियममध्ये खेळायचा. क्षमता सत्तर हजारांच्या घरात, मध्ये धावपट्टी, प्रेक्षक मैदानापासून लांब. २००१-०२ मध्ये इटालियन कपच्या एका सामन्याला, साम्पदोरियाविरुद्ध, फक्त २३७ माणसं आली होती. शेवटी ते पाडलं आणि त्याच जागी २०११ मध्ये साधारण ४१,००० चं नवं उभं केलं. मुद्दाम लहान. त्यानंतर तिथं तिकिटासाठी ओढाताण सुरू झाली.

उलटं उदाहरण डार्लिंग्टनचं. इंग्लंडचाच, तेव्हा चौथ्या श्रेणीतला क्लब, म्हणजे तुम्ही सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) घेतला तसाच. २००३ मध्ये २५,००० खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये गेला आणि त्याच वर्षाअखेर पैशाअभावी प्रशासकाच्या ताब्यात. येणारी माणसं काही हजारच होती, त्या भिंतींमध्ये ती दिसायचीसुद्धा नाहीत.

मग मोठं बांधूच नये का? तसं नाही. लंडनचा आर्सेनल क्लब हायबरी या जुन्या मैदानाच्या ३८,००० मधून २००६ मध्ये ६०,००० च्या मैदानात गेला आणि ते भरलं, कारण बाहेर सीझन तिकिटाची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची होती. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या मैदानाची क्षमता ८१,००० च्या वर, तरी सीझन तिकिटं ते ५५,००० च्या आसपास थांबवतात, म्हणजे बाकीच्यांनाही एखादा सामना बघता येतो. आपल्याला मोजायची आहेत ती बाहेर राहिलेली माणसं. मैदान फुल्ल आहे एवढ्यावरून बाहेर दोनशे उभे आहेत की दहा हजार, हे समजत नाही.

अजून एक विचारतो. सरासरी काढताना कप स्पर्धेतला मोठा सामना धरलाय का? आपल्या सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी धरून कुणी फेब्रुवारीत तिथं दुकान मांडत नाही.

जुळे_सोलापूर

एक छोटी गोष्ट. सीझन तिकिटाचे पैसे हंगामाआधी एकरकमी जमा होतात, तर सामन्याचा गल्ला वर्षभर येत राहतो. त्यामुळे ४,७०० चा आकडा बघून लगेच खेळाडू विकू नका. आर्थिक पानावर दोन्ही ओळींची बेरीज घ्या आणि मागच्या वर्षाशी ताडून बघा. खिडकीवरचं तिकीट प्रति सामना महाग पडतं, तेव्हा एकूण उत्पन्न कदाचित तेवढंच असेल. धोका दुसराच आहे. लागोपाठ पाच सामने हरलात तर खिडकीवाला घरी बसेल, सीझन तिकीटवाल्याचे पैसे मात्र आधीच आलेले असतात.

लूमवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सेव्ह उघडून एकेक सामना वहीत उतरवला. पार्क_चौक, तुम्ही बरोबर बोललात. कपात एका बड्या क्लबविरुद्ध घरचा सामना निघाला होता, त्याला १७,००० पूर्ण भरलं. तो आणि शेजारच्या गावाविरुद्धचा सामना वगळला तर सरासरी ८,७०० वर येते. म्हणजे जुन्या मैदानाबाहेर राहिलेली माणसं तीनशेच्या आसपासच होती, आणि मी त्यांच्यासाठी साडेआठ हजार खुर्च्या बांधल्या. बोर्डानं दोनदा नकार दिला तेव्हा मला राग आला होता. आता पटतंय.

दोन्ही ओळींची बेरीज मागच्या वर्षापेक्षा थोडीच कमी निघाली, तेव्हा स्ट्रायकर विकत नाही. गर्दी आणायची तर वर चढणं हाच रस्ता दिसतोय, त्यामुळे सगळं लक्ष आता संघावर. पुढच्या जुलैची बातमी आली की आकडा इथंच टाकतो.

ताई, गुरुवारी शिफ्टच्या आधी दुपारी येतो. कार्ड नाही माझ्याकडं, पायरीवर थांबेन.