अनुभव धागा: थंडीच्या सुट्टीत नेहरू वनोद्यान आणि पांडवलेणीचा पायथा

डिसेंबर लागला की नाशिककरांकडे पाहुण्यांची रीघ लागते. पंचवटी होते, काळाराम होतो, त्र्यंबक होतं, मिसळ होते आणि मग नाश्त्याच्या टेबलावर प्रश्न येतो, "आता कुठे?" आमच्या घरी त्याचं उत्तर ठरलेलं आहे. मुंबई-आग्रा हायवेने पाथर्डी फाट्याकडे निघायचं आणि त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान गाठायचं. वर पांडवलेणी, शेजारी फाळके स्मारक, त्यामुळे अख्खा दिवस सहज निघतो.

या धाग्यावर आपापले थंडीतले अनुभव लिहा. "छान आहे, जरूर जा" एवढंच लिहून पळू नका. काय फुललं होतं, काय वाळलं होतं, बरोबर कोण होतं, कोण कुरकुरलं, ते येऊ द्या. नाताळ ते रथसप्तमी असा साधारण काळ धरू. तिकीट आणि वेळा इथे विचारू नका, त्या बदलत राहतात. निघण्याआधी चौकशी करा.

सुरुवात मी, धागाकर्ता, करतो. टाटा ट्रस्टच्या मदतीने हे उद्यान नव्याने उभं राहिलं तेव्हा अख्खं नाशिक तिथे लोटलं ते संध्याकाळच्या रोषणाईसाठी. झाडांवर रंगीत उजेड आणि झाडच आपली गोष्ट सांगतंय अशी योजना. मीही गेलो, आवडलं. पण माझं मत विचाराल तर थंडीत हे उद्यान सकाळी बघायचं. अंधारात दिसतो तो उजेड, झाड दिसत नाही. आणि पानगळीच्या दिवसांत एकेका झाडाचा सांगाडा, साल, शेंगा जशा दिसतात तशा पावसाळ्यातल्या हिरव्या गर्दीत कधीच दिसत नाहीत. पाहुणे म्हणतात, "सगळं वाळलंय की!" म्हणू द्या.

सिडकोवासी

सकाळच्या मताशी सहमत. निवृत्तीनंतर माझं फिरणं त्याच बाजूला असतं. थंडीतला माझा सोबती म्हणजे थिरथिऱ्या. चिमणीएवढा पक्षी, नर अंगाने काळा आणि पोटाखाली विटकरी-नारिंगी. तारेच्या खांबावर बसतो, शेपूट सारखी थरथरत असते, मान जराशी खाली घालतो आणि पटकन जमिनीवर उतरून किडा टिपून पुन्हा त्याच खांबावर. पावसाळा सरल्यावर उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातो. त्याची जागा ठरलेली असते. दुसरा थिरथिऱ्या तिथे आला की भांडण. आमच्या सोसायटीतल्या पार्किंगसारखंच.

एक सूचना: नाताळच्या सुट्टीत नऊनंतर जाऊ नका. स्पीकर घेऊन येणारी मंडळी तेव्हा पोचतात. पक्षी निघून जातात आणि माझ्यासारखे म्हातारेही.

शाळामास्तर

सहल नेणाऱ्यांसाठी लिहितो. क्रम महत्त्वाचा. आधी लेणी, मग उद्यान. उलट केलंत तर पोरं झाडांतच दमतात आणि पायऱ्यांवर बसकण मारतात.

लेणी बौद्ध आहेत, एकूण 24. नावात पांडव असले तरी त्यांचा संबंध नाही, हे मी पहिल्याच पायरीवर सांगून टाकतो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने केलेल्या दानांची लांबलचक यादी आहे: गाई, घाट, धर्मशाळा, विहिरी, आणि नानंगोल गावी नारळाची 32,000 झाडं. हे सांगितलं की वर्गातलं एक तरी पोर विचारतंच, "सर, मोजली कोणी?" मी म्हणतो, तेच तर राजेलोकांचं सुख. पण साधारण 1,900 वर्षांपूर्वी कुणाला तरी आपल्या दानाच्या यादीत झाडं कोरावीशी वाटली, एवढं मनात ठेवून पोरं खाली उद्यानात उतरतात, आणि मग पाटीवरची नावं जरा बरी वाचतात.

सागाखाली मी त्यांना हमखास थांबवतो. पडलेलं पान उचलायला सांगतो. काही पानं पूर्ण जाळीची मिळतात. सागावरची अळी शिरांमधला हिरवा गर खाऊन टाकते आणि शिरांचं जाळं तेवढं ठेवते. ते पान उन्हासमोर धरलं की मधली जाड शीर, तिच्या फांद्या, त्या फांद्यांना जोडणारे बारीक चौकोन, सगळं दिसतं. फळ्यावर मी तासभर खडू झिजवला तरी पानाची रचना इतकी कळत नाही. पानं गळतात का, हेही तिथेच सांगून होतं. पाऊस संपला, जमिनीतलं पाणी कमी होत चाललं, पानांतून वाफ होऊन ते उडत राहिलं तर झाड मरेल. म्हणून देठाच्या बुडाशी एक थर तयार होतो आणि झाड स्वतःच पान सोडून देतं. थंडीने मारलं म्हणून पडत नाही.

बारा वाजताची भूक

कानटोपी न्या. बाकी सगळं वर आलंच आहे.

निफाडचा द्राक्षवाला

तुम्हा शहरवाल्यांचे अनुभव वाचून गंमत वाटते. तुमची गुलाबी थंडी आली की आमची झोप उडते. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात छापून येतो आणि तुम्ही तो कौतुकाने फॉरवर्ड करता. पारा फार उतरला की तयार होत आलेल्या मण्यांना तडे जायची भीती. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, पाणी सोडा, घडांना कागद लावा. ऑक्टोबरची छाटणी घेतल्यापासून माल उतरेपर्यंत आमच्या घरात सुट्टी हा शब्द नाही.

तरी गेल्या थंडीत बायकोने ओढून नेलंच. भाची पुण्याहून आली होती. मी आपला सवयीने प्रत्येक झाडाचं पान उलटं करून बघत होतो, द्राक्षावर पडणारे रोग, भुरी आहे का, डाऊनी आहे का. बायको म्हणाली, "इथे औषध मारायचं नाहीये, नुसतं बघा." बघितलं. डोंगराच्या उतारावर गिरिपुष्प फुलायला लागलं होतं, पान एक नाही आणि फांदीभर फिकट गुलाबी तुरे. आमच्या बांधावरही आहे ते, कापून हिरवळीचं खत करतो. त्याच्याकडे फुलझाड म्हणून पहिल्यांदा पाहिलं. मग फोन आला की फवारणीचा माणूस आलाय. आलो परत.

(धागाकर्ता: असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं सार्थक होतं. डाऊनी सापडला का ते मात्र सांगितलं नाहीत.)

मुंबईची पाहुणी

आम्ही नाताळच्या शनिवारी निघालो, कसारा घाटात अडकलो, म्हणजे जे सगळे करतात तेच केलं. वनोद्यानात पोचेस्तोवर दुपार. पण दुपारीही ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं हे मुंबईकराला नवलच. मुलांना शिरीषाच्या वाळक्या शेंगा सापडल्या. वारा आला की झाडावरच्या शेंगा खुळखुळतात. दोघांनी प्रत्येकी एक शेंग कानाशी धरून घाट उतरेपर्यंत वाजवली. ती आवाजाची शिक्षा आम्हाला.

बुचाची चाहती

माझं जरा लांबेल.

थंडीत फुलणारी झाडं शोधायची असतील तर वर बघून चालत नाही, आधी जमीन बघा. बुचाचं झाड उंच, सरळसोट. त्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली सडा. फूल हातात घ्या: बोटभर लांब, पांढरी, सुतळीसारखी बारीक नळी आणि टोकाला छोट्या पाकळ्या. लहानपणी आम्ही ती नळी ओठांत धरून फुंकायचो, नीट जमलं तर पिपाणी वाजायची. हे झाड मूळचं म्यानमारकडचं, पण नाशिकच्या जुन्या बंगल्यांच्या आवारांत ते इतकं रुळलंय की कुणाला परकं वाटत नाही. डिसेंबर संपेस्तोवर बहुतेक फुलं आटोपलेली असतात, तेव्हा पाहुण्यांची वाट न बघता जा.

सप्तपर्णीचा बहर त्याहून आधी, दिवाळीच्या आगेमागे. तो घमघमाट मला सोसत नाही, माझ्या नणंदेला फार आवडतो. त्यावर आमच्या घरात वाद आहे.

आणि कांडोळ. डोंगराळ, खडकाळ जागी हे झाड बघायचं ते थंडीतच. पान एक नसतं, खोड पांढुरकं, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारं. चांदण्या रात्री माणूस दचकेल असं. याच दिवसांत त्याला फुलं येतात, बारकी, हिरवट-पिवळी, कुणाच्या लक्षातही न येणारी. याचा डिंक औषधांत आणि खाद्यपदार्थांत जातो आणि तो काढण्यासाठी खोडावर बेसुमार घाव घातले की झाड मरतं. डोंगरात फिरताना खोडावर जुने व्रण दिसतात का ते बघत जा.

काटेसावर, पळस, पांगारा यांची घाई करू नका. ती लाल-केशरी मंडळी जानेवारीच्या शेवटापासून पुढे रंगात येतात.

इंदिरानगरची सूनबाई

सकाळवाल्यांनो, तुमचं ठीक आहे. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे. थंडीत सकाळी दहापर्यंत त्यांचे गुडघे ऐकत नाहीत. त्यामुळे आम्ही गेलो ते संध्याकाळी, रोषणाईलाच, आणि त्यांना तीच आवडली. झाड बोलायला लागल्यावर त्या चक्क "अगंबाई" म्हणाल्या आणि नंतर आठवडाभर दारातल्या तुळशीशी मोठ्याने बोलत होत्या. अंधारात झाड दिसत नाही म्हणता, पण ज्यांना फार चालवत नाही त्यांना एका जागी बसून झाड ऐकता येतं, हेही काही कमी नाही.

व्यवहाराचं सांगते. सूर्य डोंगराआड गेला की गारठा एकदम उतरतो. शाल गाडीत ठेवू नका, अंगावरच घ्या. आणि शेंगदाण्याची टरफलं, तिळगुळाचे कागद आपल्याच पिशवीत परत आणा.

(धागाकर्ता: माझं मत थोडं मागे घेतो. गुडघेवाल्यांना संध्याकाळ माफ.)

येवल्याचा पतंगवाला

संक्रांतीचा विषय निघेल असं वाटलं होतं, कुणी काढला नाही. आमच्या येवल्यात तीन दिवस आभाळ भरलेलं असतं आणि मी स्वतः त्यातलाच. पण नायलॉन मांजाचं कौतुक मला सांगू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच त्यावर बंदी घातली आहे, तरी मिळतो. संक्रांतीनंतर बहिणीकडे नाशिकला आलो, वनोद्यानाच्या रस्त्याला एका बाभळीवर कोतवाल पक्षी लटकलेला. पंखाला मांजा गुंडाळलेला, जितका फडफडेल तितका रुतत होता. एका रिक्षावाल्या दादांनी सीटवर उभं राहून फांदी वाकवली, मी कात्रीने दोरा कापला. ओढायचा नाही, कापायचा. ओढला की पंख जातो. रुमालात अलगद धरून पक्षीमित्राकडे पोचवला. वाचला.

सुती दोऱ्यानेही पेच मस्त लागतो. कापला तर आपला हात कापतो, पक्ष्याचा पंख नाही.

कॉलेज रोडचा नवखा

सगळं वाचलं, रविवारी चौघे मित्र निघतोय. एकच शंका: मिसळ आधी की लेणी आधी?

शाळामास्तर

लेणी आधी. तर्री पोटात घेऊन त्या पायऱ्या चढून बघा, मग पुढच्या वेळी विचारणार नाही.