मदत हवी आहे: वडिलांच्या प्रॉस्टेट बायोप्सीत 'संशयास्पद' आलंय, आयएचसी (ठराविक पेशी रंगांनी ओळखायची तपासणी) कुठे करावी?

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून लिहितोय. वडील ६८ वर्षांचे, सगळी हयात यंत्रमागावर गेली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे म्हणून दाखवलं. पीएसए (प्रॉस्टेटसाठीची रक्ततपासणी) ७.८ आला, मग बायोप्सी झाली. बारा तुकडे काढले. अकरांत काही नाही. डाव्या बाजूच्या एका तुकड्यात 'एएसएपी' लिहिलंय. म्हणजे मोजक्या ग्रंथी संशयास्पद आहेत, पण कॅन्सर म्हणावं एवढा पुरावा नाही. खाली एक ओळ: आयएचसी करून घ्यावी.

ती ओळ आम्हाला कुणी समजावलीच नाही. काउंटरवर विचारलं तर "डॉक्टरांना दाखवा", डॉक्टरांकडे दोन मिनिटांत "करून घ्या, मग बघू". चार दिवस आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

लॅबमधून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचा (त्याचे रंगवलेले पातळ काप) मागून आणल्या. प्लास्टिकच्या छोट्या डबीवर मेण, मेणात पांढरट धागा. वडिलांनी तो खिडकीशी धरून पाहिला. जन्मभर सूत हाताळलेला माणूस, म्हणाले, "एवढ्याशा तुटक्या धाग्यावरून ठरणार होय रे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वाचतोय.

माझ्या समजुतीप्रमाणे प्रॉस्टेटच्या चांगल्या ग्रंथीला बाहेरून बेसल पेशींचं कुंपण असतं, कॅन्सरच्या ग्रंथीला ते नसतं. पी६३ आणि हाय मॉलेक्युलर वेट केराटिन या रंगांनी कुंपण दिसतं. एएमएसीआर मात्र उलट, ते बहुतेक कॅन्सरच्या पेशींत उमटतं. बरोबर आहे का?

आता प्रश्न. तपासणी इथेच करावी की ब्लॉक मुंबईला न्यावा? नवीन काप काढताना तो एवढासा भाग संपून गेला तर? आणि आयएचसीवरून ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) कळतो का? पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, थेट जीन टेस्टच करा.

प्रतिसाद १
पॅथॉलॉजीत काम करते. तुमची समजूत बरोबर आहे, फक्त एक जोड: दोन-चार ग्रंथींत कुंपण दिसलं नाही म्हणून लगेच कॅन्सर होत नाही, काही निरुपद्रवी ग्रंथींतही ते तुटक असतं. एएमएसीआर हाय ग्रेड पिनमध्येही (कॅन्सरपूर्व बदलांतही) उमटतं आणि काही कॅन्सरमध्ये उमटतच नाही. म्हणून सगळं नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या काचेशेजारी ठेवून वाचायचं.

भाग संपण्याची भीती अगदी खरी आहे. लॅबला दोन गोष्टी विचारा. बायोप्सीच्या वेळी न रंगवलेले जादा काप ठेवलेत का? असतील तर ब्लॉकला हातच लावायला नको. आणि तिन्ही मार्कर एकाच काचेवर करणारं कॉकटेल त्यांच्याकडे आहे का?

ग्लीसन आयएचसीवरून ठरत नाही. तो ग्रंथींची रचना किती बिघडली त्यावरून ठरतो. कॅन्सर निघालाच आणि ३+३=६ आला, तर "दहापैकी सहा" ऐकून घाबरू नका. बायोप्सीत व्यवहारात सहाच सर्वांत खालचा. याच गोंधळामुळे २०१४ मध्ये १ ते ५ ग्रेड ग्रुप आले, सहा म्हणजे ग्रुप १. डेसिफर, ऑन्कोटाइप, प्रोलारिस या जीन टेस्ट कॅन्सर ठरल्यावर तो किती जोरकस आहे हे पाहायला असतात. आज त्यावर पैसे घालू नका.

प्रतिसाद २
माझ्या सासऱ्यांच्या वेळी काचा आणि ब्लॉक दोन्ही परळला टाटा मेमोरियलला दिले होते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून दादरला उतरलो. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. लॅबकडून ब्लॉकचा नंबर लिहिलेली पोच घ्या आणि रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून पाहा. मुंबई जमत नसेल तर उपचारांसाठी आधी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये विचारा, घरापासून जवळ पडेल.

धागाकर्ता
ताई, दादा, फार आभार. आत्ताच लॅबला फोन केला. न रंगवलेले चार काप ठेवलेत म्हणाले! उद्या सकाळी आणतो. वडिलांना सांगितलं तर विचारतात, "मग धागा शिल्लक राहिला ना?"

ताई, एकच राहिलं: आयएचसीतही नक्की ठरलं नाही तर पुन्हा बायोप्सी लगेच करायची, की आधी एमआरआय?

प्रतिसाद १
एमआरआय आधी. संशयाची जागा दिसली तर पुढची सुई नेमकी तिथेच घालता येते. पहिल्या बायोप्सीची सूज आणि रक्त ओसरू द्या, साधारण सहा ते आठ आठवडे. तारीख मात्र युरोलॉजिस्टना विचारूनच ठरवा, आणि दोन मिनिटांत उठू नका. प्रश्न कागदावर लिहून न्या.