‘तीव्रता’ नेमकी कशाची? भूकंपाच्या बातम्यांतील काही शब्द

प्रश्न

भूकंपाच्या बातमीत ‘रिश्टर स्केलवर ६.८ तीव्रतेचा भूकंप’ असे वाक्य हमखास असते, आणि त्याच बातमीत पुढे ‘किनारपट्टीवर तीव्रता अधिक होती, डोंगराळ भागात ती कमी जाणवली’ असेही लिहिलेले असते. भूकंप एकच असेल तर त्याची तीव्रता ठिकाणागणिक कशी बदलते, आणि बदलत असेल तर ६.८ हा आकडा कोणत्या ठिकाणचा मानायचा? शालेय वयाच्या वाचकांसाठी असलेल्या भूविज्ञानाच्या एका पुस्तिकेचे मी भाषांतर करीत आहे. मूळ मजकुरात या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र संज्ञा आहेत, मराठीत मात्र दोन्हीकडे ‘तीव्रता’ लिहिण्याचा मोह होतो. ‘सात रिश्टरचा भूकंप’ हा प्रयोग बरोबर आहे का, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. बातमीतील दोन वाक्ये दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे भूकंपाचे स्वतःचे आकारमान. भूगर्भात खडकाचा किती मोठा पृष्ठभाग फाटला आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींवरून किती सरकल्या, यावर ते अवलंबून असते. एका भूकंपाला असा एकच आकडा असतो, मग आपण उगमाच्या डोक्यावर उभे असा किंवा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या विशिष्ट जागी जमीन किती हादरली. हा आकडा गावागणिक वेगळा असतो, कधी कधी तर एकाच शहराच्या दोन भागांत वेगळा असतो. पहिल्या गोष्टीला मराठी शास्त्रीय लेखनात ‘महत्ता’ किंवा ‘परिमाण’ म्हटलेले आढळते आणि दुसरीला ‘तीव्रता’. माझ्या मते ‘तीव्रता’ हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थासाठी राखून ठेवावा, कारण तो मुळातच अनुभवाचा शब्द आहे. वेदना तीव्र असते, दर्प तीव्र असतो, इच्छा तीव्र असते. ज्याला ते जाणवते त्याच्या बाजूने केलेले हे वर्णन आहे. कित्येक किलोमीटर खोलीवर खडक फाटला त्या क्षणी तेथे जाणवून घेणारे कोणी नव्हते.

तीव्रतेची श्रेणी आकारमानाच्या श्रेणीहून जुनी आहे. जुझेप्पे मेर्काली या इटालियन अभ्यासकाने १९०२ मध्ये मांडलेली श्रेणी पुढे सुधारून आज १ ते १२ अशा टप्प्यांत वापरतात, आणि ती सहसा रोमन अंकांत लिहितात, जेणेकरून दशांशातील महत्तेशी तिची गल्लत होऊ नये. तिच्या टप्प्यांचे वर्णन वाचण्यासारखे आहे. दुसऱ्या टप्प्यावर वरच्या मजल्यावर स्वस्थ बसलेल्या मोजक्या माणसांनाच कंप कळतो. चौथ्यावर भांडी खणखणतात, खिडक्यांची तावदाने वाजतात आणि भिंतींतून करकर ऐकू येते. पाचव्यावर झोपलेली बरीच माणसे जागी होतात, सहाव्यावर जड फर्निचर जागचे हलते, आणि बाराव्यावर वस्तू हवेत फेकल्या जातात. यात कोठेही उपकरण लागत नाही. म्हणूनच भूकंपलेखक यंत्रे येण्यापूर्वीच्या, उदाहरणार्थ १७५५ च्या लिस्बनच्या, भूकंपाविषयी जुन्या पत्रांवरून आणि नोंदींवरून आधी तीव्रता ठरवावी लागते व तिच्या आधारे महत्तेचा अंदाज बांधावा लागतो.

या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात हे न्यूझीलंडमध्ये स्पष्ट दिसले. सप्टेंबर २०१० मध्ये क्राइस्टचर्चच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर ७.१ महत्तेचा भूकंप झाला. इमारतींची हानी झाली, पण त्या कोसळून कोणी दगावले नाही. २२ फेब्रुवारी २०११ रोजी झालेला भूकंप ६.२ महत्तेचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने पहिल्याच्या विसाव्या भागाच्या आसपास होता. परंतु तो शहराच्या अगदी जवळ आणि फार कमी खोलीवर झाला, आणि त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. महत्ता लहान, तीव्रता मोठी. याच्या उलट उदाहरण ओखोट्स्कच्या समुद्राखालचे आहे. मे २०१३ मधील तेथील भूकंपाची महत्ता ८.३ होती, पण तो सुमारे ६०० किलोमीटर खोल असल्याने हानी जवळपास झालीच नाही, जरी हजारो किलोमीटर दूर मॉस्कोतही तो काही जणांना जाणवला. आणि जमिनीचा पोत काय करू शकतो ते मेक्सिको सिटीने १९८५ मध्ये अनुभवले. भूकंपाचा उगम सुमारे ३५० किलोमीटर दूर होता, तरी जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेल्या त्या शहराच्या भागात कंप कित्येक पटींनी वाढला आणि वाटेतल्या अनेक गावांपेक्षा तेथे अधिक विध्वंस झाला.

या दोहोंतील फरक समजावताना, ज्यांच्या नावाने रिश्टर स्केल ओळखली जाते त्या चार्ल्स रिश्टर यांनी स्वतः रेडिओचे उदाहरण दिले होते: महत्ता म्हणजे प्रक्षेपण केंद्राची शक्ती आणि तीव्रता म्हणजे एखाद्या घरातील रेडिओला मिळणारा संकेत. पुस्तिकेसाठी हेच उदाहरण पुरेसे आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील भेद मान्य आहे, पण ‘महत्ता’ या शब्दाविषयी मला शंका आहे. सामान्य वाचकाला त्यातून थोरवी किंवा महत्त्व ऐकू येते. ‘या भूकंपाची महत्ता मोठी होती’ असे वाक्य एखाद्या गौरवपर भाषणातले वाटते. शिवाय ‘महत्ता’ आणि ‘महत्त्व’ यांच्या लेखनात एवढा गोंधळ आहे की मुद्रितशोधकही एकाच्या जागी दुसरा बसवून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘परिमाण’ का नको? सदिशाच्या संदर्भात हा शब्द विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो.

आणखी एक पर्याय मनात येतो. ताऱ्यांच्या तेजस्वितेचे मोजमाप सांगताना मराठीत ‘प्रत’ हा सुंदर शब्द आहे, आणि रिश्टर यांनी आपल्या श्रेणीसाठी ‘मॅग्निट्यूड’ (महत्ता) ही इंग्रजी संज्ञा घेतली तीही खगोलशास्त्रातूनच. मग ‘भूकंपाची प्रत’ म्हणण्यास काय हरकत आहे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘प्रत’ सुचवण्यामागचा विचार आवडला, पण तो शब्द घेऊ नये असे वाटते. ताऱ्यांची प्रत उलटी चालते: सहाव्या प्रतीचा तारा पहिल्या प्रतीच्या ताऱ्याहून मंद असतो. भूकंपात आकडा वाढला की आकार वाढतो. शिवाय ताऱ्यांखेरीज इतरत्र ‘प्रत’ म्हणजे दर्जा किंवा नक्कल, आणि ‘उत्तम प्रतीचा भूकंप’ कोणालाच नको असणार.

‘परिमाण’ चालेल. त्यात एकच अडचण आहे: या शब्दावर आधीच बरेच ओझे आहे. मोजण्याचे एकक, मोजलेली राशी, सदिशाचे मूल्य, आणि ‘या प्रश्नाला नवे परिमाण लाभले’ अशा लाक्षणिक वापरातील पैलू, इतके अर्थ तो वागवतो. ‘महत्ता’ काहीसा अपरिचित आहे हाच मला त्याचा गुण वाटतो, कारण अपरिचित शब्दाची व्याख्या लेखकाला करावीच लागते आणि वाचकालाही ती गृहीत धरता येत नाही. आपल्या पुस्तिकेत दोहोंपैकी कोणताही घ्यावा, मात्र शेवटपर्यंत तोच ठेवावा. ‘क्षमता’ मात्र टाळावा. ‘७.२ क्षमतेचा भूकंप’ असे अनेकदा छापले जाते, पण क्षमता ही पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीची असते, आणि येथे तर सारे घडून गेलेले असते.

आता ‘सात रिश्टर’. हा प्रयोग दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले, रिश्टर हे मीटर किंवा किलोग्रॅमसारखे एकक नाही. ही लॉगॅरिदमिक श्रेणी आहे, आणि तिच्यावरील आकड्याला एकक नसते. एका अंकाच्या वाढीस भूकंपलेखकावरील आंदोलनाचा विस्तार १० पट होतो आणि मुक्त झालेली ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंकांच्या वाढीस ऊर्जा १,००० पट होते. त्यामुळे ‘सहा रिश्टरपेक्षा सात रिश्टर थोडा जास्त’ असा जो समज ‘सात मीटर’च्या धर्तीवर बनतो, तो पार फसवा आहे. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की रिश्टर स्केल नावाचे कोणतेही यंत्र नसते. यंत्र असते ते भूकंपलेखक, आणि श्रेणी हे त्याच्या नोंदीवरून केलेले गणित. या श्रेणीला वरची मर्यादा ठरवून दिलेली नाही, तसाच तिचा आरंभही शून्यापासून होत नाही. फार सूक्ष्म कंपांची महत्ता ऋण येते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रिश्टर यांची १९३५ ची श्रेणी दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी आणि एका ठरावीक प्रकारच्या भूकंपलेखकासाठी रचलेली होती. मोठे भूकंप तिच्यात मावत नाहीत. आकार वाढत गेला तरी साधारण ७ च्या पुढे तिचा आकडा वाढायचे थांबतो. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ ही दुसरी श्रेणी मांडली, ज्यात फाटलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, सरकलेले अंतर आणि खडकाची दृढता यांच्या गुणाकारावरून महत्ता काढतात. १९६० च्या चिलीच्या भूकंपाचा ९.५ हा आकडा या श्रेणीवरचा आहे, आणि यंत्रांनी नोंदवलेल्यांपैकी तो सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. आज जगभर मोठ्या भूकंपांचे जे आकडे जाहीर होतात ते बहुतेक याच श्रेणीचे असतात, आणि आपण मात्र त्यांच्यापुढे रिश्टरांचे नाव लिहीत राहतो. या श्रेणीच्या नावातील ‘मोमेंट’चे भाषांतर काही ठिकाणी ‘क्षण’ असे केलेले पाहिले आहे. तेथे वेळेचा काहीही संबंध नाही. भौतिकीत ज्याला आपण परिबल (बल आणि अंतर यांचा गुणाकार) म्हणतो ते हे, तेव्हा ‘परिबल महत्ता’ म्हणावे. लहान वाचकांसाठी ‘७.१ महत्तेचा भूकंप’ एवढेच पुरे, श्रेणीचे नाव नको.

तिसरा प्रतिसाद

मी वृत्तसंपादनाचे काम करतो. शीर्षकात ‘महत्ता’ लिहिले तर निम्मे वाचक अडखळतील, हे येथे नमूद करतो. ‘तीव्रता’ रुळलेला शब्द आहे आणि रुळलेला शब्द मोडणे सोपे नसते. जपानी लोकांनी हा पेच बरा सोडवला आहे. महत्तेसाठी त्यांनी परकीय शब्दच घेतला आणि जागोजागच्या हादऱ्यासाठी ‘शिंदो’ हा आपला शब्द ठेवला, ज्याची श्रेणी ० ते ७ असून ५ आणि ६ यांचे प्रत्येकी दोन भाग केलेले आहेत. तेथे भूकंप झाला की कोणत्या गावात शिंदो किती, हे सर्वांत आधी सांगितले जाते, कारण माणसाला प्रथम तेच हवे असते. मला वाटते, आपणही शीर्षकात ‘७.१ चा भूकंप’ एवढेच लिहावे आणि ‘तीव्रता’ हा शब्द गावांच्या वर्णनासाठी मोकळा करावा.

माझा प्रश्न ‘केंद्र’ या शब्दाविषयी आहे. ‘भूकंपाचे केंद्र १० किलोमीटर खोल होते’ आणि ‘भूकंपाचे केंद्र अमुक शहरापासून ६० किलोमीटरवर होते’ ही दोन्ही वाक्ये आम्ही छापतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शीर्षकाविषयीची आपली सूचना उत्तम आहे, आणि ती माझ्या सूचनेपेक्षा अधिक टिकेल.

‘केंद्रा’विषयी: खोलीवरचा बिंदू म्हणजे नाभी, आणि तिच्या नेमका वर भूपृष्ठावर असलेला बिंदू म्हणजे अपिकेंद्र. खोली नाभीची सांगावी, शहरापासूनचे अंतर अपिकेंद्राचे. ‘अपिकेंद्र १० किलोमीटर खोल’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. त्या १० किलोमीटरविषयीही सावध असावे, कारण उथळ भूकंपाची खोली नोंदींवरून नीट ठरवता येत नसेल तेव्हा १० हा आकडा बरेचदा गृहीत म्हणून धरलेला असतो.

एक अडचण मात्र ‘नाभी’ आणि ‘केंद्र’ या दोन्ही शब्दांत शिल्लक राहते. दोन्ही ऐकताना मध्यबिंदू डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो फाटण्याचा आरंभबिंदू असतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ सुरू झालेली फाट उत्तरेकडे अंदमानच्या दिशेने सुमारे १,३०० किलोमीटर धावत गेली आणि तिला काही मिनिटे लागली. अपिकेंद्र होते ते तिच्या दक्षिण टोकाजवळ. नकाशावर त्या बिंदूभोवती समकेंद्री वर्तुळे काढली तर सर्वाधिक हानीचा प्रदेश त्यांत बसत नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

आभारी आहे. ‘महत्ता’ स्वीकारतो. शेवटची शंका: पुस्तिकेत ‘मोठ्या भूकंपाआधी पूर्वधक्के आणि नंतर उत्तरधक्के बसतात’ असे वाक्य आहे. हे तसेच ठेवावे का? आणि एकाच भूकंपाला आपण ‘धक्के’ असे अनेकवचन का वापरतो?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

अनेकवचन अगदीच निराधार नाही. भूकंपाच्या प्राथमिक लहरी कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात आणि दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. त्यामुळे उगमापासून काही अंतरावर असलेल्या माणसाला आधी एक आखूड ठोसा आणि थोड्या वेळाने जोराचा हिंदकळा असे दोन वेगळे अनुभव येतात. त्या दोहोंमधील सेकंद मोजून ८ ने गुणले की उगमाचे अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळते. जे जाणवले त्याला ‘धक्के’ म्हणावे, घटनेला ‘भूकंप’ म्हणावे.

वाक्य मात्र बदलावे. उत्तरधक्के मोठ्या भूकंपानंतर जवळजवळ नेहमी येतात, पूर्वधक्के सर्व भूकंपांना नसतात. शिवाय ‘पूर्वधक्का’ हे नाव मागाहूनच देता येते. ९ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत ७ हून अधिक महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा तो स्वतंत्र भूकंपच होता. ११ मार्चला ९ महत्तेचा भूकंप झाला आणि मग आधीचा ‘पूर्वधक्का’ ठरला. क्राइस्टचर्चचा फेब्रुवारीतील भूकंपही अनेक अभ्यासक सप्टेंबरच्या भूकंपाचा उत्तरधक्काच मानतात, तेव्हा ‘उत्तरधक्का’ म्हणजे सौम्य, असे पुस्तिकेत कोठे ध्वनित होत असेल तर तेही काढावे. वाक्य असे करता येईल: ‘मोठ्या भूकंपानंतर काही दिवस, कधी काही वर्षे, उत्तरधक्के बसत राहतात. काही भूकंपांच्या आधी लहान भूकंप झालेले असतात, पण ते होत असताना त्यांना पूर्वधक्के म्हणून ओळखण्याची खात्रीची रीत अद्याप सापडलेली नाही.’