स्लॅपस्टिकला मराठीत काय म्हणायचं? ('अंगविक्षेपी विनोद' सोडून सांगा)

शब्दखोर
मूकपटांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याचा 1928 सालचा तो प्रसिद्ध प्रसंग त्यात आहे. वादळात दुमजली घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, पण माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून खाली येते आणि तो मधोमध तसाच उभा राहतो. याला मी 'स्लॅपस्टिक' (पडण्या-आपटण्यातून हसवणारा विनोद) लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'अंगविक्षेपी विनोद' केलं. अहो, तो माणूस बोटसुद्धा हलवत नाही! विक्षेप कुठून आला?

माझं म्हणणं असं की या प्रकाराला आपल्याकडे धड शब्दच नाही. आहेत ते सगळे नाक मुरडणारे. माकडचेष्टा, आचरटपणा, पाचकळ विनोद, थिल्लरपणा. उलट थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, खिल्ली, टर यांत किती बारीक फरक आहेत बघा. थट्टा प्रेमानं होते, कुचेष्टा कधीच नाही. म्हणजे कोण कोणाला हसतंय याचा हिशोब मराठीत चोख आहे, हसू कशानं आलं याचा नाही. मी 'आदळआपट विनोद' सुचवते.

तिरका_चष्मा
आदळआपट? ती रुसलेला माणूस करतो, तीही भांड्यांची. वाचकाला वाटेल कीटन चिडलाय.

विंगेतून
शब्दच नाही म्हणणं धाडसाचं आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्य तीन प्रकारांनी होतं असं स्वच्छ सांगितलंय : अंग, नेपथ्य आणि वाक्य. म्हणजे शरीरानं, वेषानं आणि बोलण्यानं. 'आंगिक' हा शब्द तयार आहे. आंगिक विनोद म्हणा आणि मोकळ्या व्हा.

शब्दखोर
त्याच अध्यायात हास्याचे सहा प्रकारही आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसाचे, मधले दोन मध्यमाचे, शेवटचे दोन अधमाचे. परत हसणाऱ्याचीच पायरी ठरवली! माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. शिवाय आंगिकात मूकाभिनयही येतो, ज्यात कोणी आपटत नाही.

विंगेतून
एक वर्गीकरण हसणाऱ्याचं, एक हसवण्याच्या साधनाचं. दोन्ही आहेत. तुम्हाला सोयीचं तेवढंच वाचू नका.

गद्यप्राणी
मला या खटाटोपाचं प्रयोजनच कळत नाही. 'फार्स' आपण तसाच घेतला ना? एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकानंतर फार्स व्हायचे, पुढे बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी तो रंगभूमीवर गाजवला. कोणी अडलं नाही. फ्रेंचमध्ये 'फार्स' म्हणजे आजही सारण, आत ठासून भरलेलं. त्याचं 'सारणनाट्य' केलं असतं तर कोण गेलं असतं बघायला? स्लॅपस्टिक राहू द्या.

तिरका_चष्मा
घेतला, आणि काय झालं त्याचं? आज पेपरात 'चौकशीचा फार्स' एवढंच उरलंय. नाटकाचा प्रकार म्हणून किती तरुण हा शब्द वापरतात? तमाशाचंही तेच. गण, गवळण, बतावणी, वग अशी सगळी रचना, त्यातली बतावणी म्हणजे निव्वळ हजरजबाबी विनोदाची जागा. आता ती भेटते कुठे, तर 'पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लांबवले' या बातमीत. विनोदाचा शब्द मराठीत आला की थोड्या दिवसांत आरोपी होतो.

गद्यप्राणी
वाक्य झकास आहे, पण बतावणी बाहेरून आली नव्हती आणि तिचीही तीच गत झाली. म्हणजे मूळ देशी की परकी याचा संबंधच नाही. तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय, राव.

विंगेतून
फार्स आणि स्लॅपस्टिकची खिचडी करू नका, एवढी विनंती. फार्समध्ये घोळ कथानकात असतो : चुकीचा माणूस, चुकीचं दार, एक खोटं लपवायला दुसरं. स्लॅपस्टिकमध्ये घोळ वस्तूंचा आणि शरीराचा. मूळ स्लॅपस्टिक ही खरोखरची वस्तू आहे. इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकांत आर्लेकिनो या विनोदी नोकराच्या हातात 'बातोक्यो' असायचा. मुठीशी जोडलेल्या दोन पातळ फळ्या, मध्ये फट. पाठीत हाणली की दोन्ही फळ्या एकमेकींवर आपटून फाडकन आवाज व्हायचा, लागायचं मात्र फारसं नाही. मार कमी, आवाज मोठा, सगळी गंमत यात आहे. प्रेक्षकाला माहीत असतं की लागलं नाही, म्हणून तो निर्धास्त हसतो. शब्द करायचाच तर या आवाजातून करा. आपल्याकडे धपकन, फाडकन, सपकन, धाडकन असा साठा पडलाय.

शब्दखोर
मग 'फटफजिती'? शब्द जुना आहे, 'फट' कानाला लागतो, फजितीही आली. आणि फजिती नाक मुरडत नाही, ती कोणाचीही होते. (माझा वरचा 'सगळे' मागे घेते.)

तिरका_चष्मा
हा ऐकायला गोड आहे. पण फटफजिती म्हणजे चारचौघांत अब्रू जाणं. भाषण विसरलेल्या वक्त्याचीही होते, त्याला कोणी फळी मारत नाही. आणि तुमच्या कीटनची तर झालीच नाही. घर पडलं, तो वाचला. फजिती झाली असेल तर भिंतीची!

विंगेतून
शिवाय फटफजिती हा परिणाम आहे, कसब नाही. ती भिंत खरी होती, वजनदार होती. उभं राहायची जागा मोजून ठरवलेली होती, वीतभर चूक झाली असती तर माणूस गेला असता. म्हणून 'माकडचेष्टा' वाचलं की मला राग येतो. आंगिकमध्ये निदान शिस्त दिसते.

गद्यप्राणी
शिस्त दिसते, हसू दिसत नाही. 'आंगिक विनोद' वाचून अभ्यासक्रम आठवतो.

शब्दखोर
लेख आज गेला. कीटनच्या प्रसंगाला 'स्लॅपस्टिक' ठेवलं आणि पुढे एक वाक्य जोडलं : 'मार खोटा, आवाज खरा, असा हा विनोद; इथे मात्र मारही खरा होता, फक्त चुकला.' पुढच्या परिच्छेदात एकजण शिडी खांद्यावर घेऊन वळतो आणि मागच्या तिघांना लोळवतो. तिथे 'फटफजिती' टाकलाय. संपादकांचा फोन आला. कीटनबद्दल काही बोलले नाहीत. 'फटफजिती'पुढे प्रश्नचिन्ह होतं, म्हणाले, हा ग्रामीण वाटतो, त्याऐवजी 'अंगविक्षेपी' चालेल का?

तिरका_चष्मा
शिडीवाल्याला चालेल. तो निदान वळतो तरी.